मामांचा विलायती उमेदवार

विलायतेच्या राजकारणाची माझ्या चुलतमामांइतकी काळजी खुद्द विलायतेत कुणी वाहिली असेल, असं मला वाटत नाही. मामा केनवडचे. इंग्लंड सोडाच, त्यांनी मुंबईही पाहिली नव्हती. पण तरुणपणी किन्हीराजाच्या रानात शिकारीला आलेल्या एका साहेबाच्या तंबूवर ते पाणी भरायला होते. साहेब एका बड्या लॉर्डाचा थोरला मुलगा. वाघ राहिला बाजूला, साहेबाचं पोटच बिघडलं. मामांनी त्याला ज्वारीची आंबील पाजून उभं केलं. जाताना त्यानं मामांशी हात मिळवला, आणि तेवढ्यावर मामांनी त्याला जन्माचा आपला मानला.

पुढे साहेब विलायतेच्या खालच्या सभागृहात निवडून आला आणि मी केनवडच्या शाळेत मास्तर झालो. त्यामुळे मामांना पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली होती, गाव साहेबलोकांना विसरूनही गेलं होतं. पण मामांचा साहेब एक दिवस तिकडचा मोठा वजीर होणार, हे मामांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिकडे निवडणूक लागली की इकडे मामा आठवडी बाजारात प्रचाराला उभे. वांगी विकणाऱ्या बायांनाही ते साहेबाचा खानदानीपणा समजावून सांगत. साहेबाला मासेमारीचं खातं मिळालं त्या दिवशी माळकरी मामा जेवलेच नाहीत. "मासोळ्याईचं खातं? एवढ्या मोठ्या घरच्या पोराले? काहून?" बाजारातले कापडवाले चाचा त्यांची हमखास फिरकी घेत. "मामा, तुमचा साहेब निवडनुकीत पडून राह्यला म्हनते!" एवढं ऐकलं की मामांच्या हातातला चहा हातातच निवे.

मग एके दिवशी पेपरात आलं, साहेबाचे वडील वारले. वडिलांची लॉर्डकी आता साहेबाकडे आली. आणि लॉर्डाला खालच्या सभागृहात बसता येत नाही, त्याला वरच्या सभागृहात जावं लागतं, आणि तिथे निवडणूक नसते. मुख्य प्रधान, म्हणजे मामांचा मोठा वजीर, मात्र खालच्यातून निवडतात. हे मी मामांना पुन्हा पुन्हा समजावलं.

"म्हंजे बाप मेला म्हनून तो मोठा झाला, अन् मोठा झाला म्हनून त्याची खुर्ची गेली? हा कोन्या गावचा कायदा हाय?"

"विलायतेचा," मी म्हणालो.

मामांनी रीतसर सुतक धरलं. मला हसू आवरत नव्हतं. तेराव्या दिवशी कापडवाले चाचा दारात आले, तेव्हा वाटलं, झाली आता थट्टा सुरू. पण त्यांनी काखेतून कोरा दुपट्टा काढला. ज्याचा बाप जातो त्याला आपल्याकडे असा दुखवट्याचा दुपट्टा बांधतात.

"मामा, डोकं इकडे करा," चाचा म्हणाले. "तुमच्या साहेबाले तिकडे कोन बांधन? त्याच्या नावानं तुमीच बांधून घ्या."

मामा लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून त्यांनी चाचांना विचारलं, "पन आता तो वजीर नाई होनार ना?"

चाचांनी दुपट्ट्याची गाठ उगाचच पुन्हा घट्ट केली.

विलायतेत पुढची निवडणूक लागली, तेव्हा मी मुद्दाम पेपर घेऊन गेलो. "राहू दे बापू," मामा म्हणाले. "त्याचं नाव नसन त मले कायले वाचून दाखवतं?" त्या दिवशी केनवडचा बाजार होता, आणि मामा घरातच बसून राहिले. मला फार वाईट वाटलं, आणि विलायतेतल्या त्या मेलेल्या म्हाताऱ्याचा मनापासून राग आला. एवढा जगला होता. आणखी चार वर्षं काढायला त्याचं काय जात होतं?