शेंडे खुडलेली तूर

आमच्या मुलीची पीएच.डी. तुरीवर आहे. पावसाचा खंड पडला की शेंगा किती धरतात, हा विषय. तोच प्रयोग केनियातली एक संशोधक तिकडच्या कोरडवाहू शेतात करते. ओळींचे अंतर तेच, मोजण्याची पद्धत तीच. मला हे पटले होते. एकाच शेताच्या आकड्यावर मी सोयाबीनचे बियाणेही ठरवत नाही.

मेडशीजवळच्या आमच्या शेतात तिने सहा ओळी आखून पाट्या लावल्या. पोळ्याच्या आधी ती विद्यापीठात असताना तिची आई निंदायला गेली. आमच्याकडे बाया निंदता निंदता तुरीचे शेंडे खुडतात, फांद्या जास्त फुटतात म्हणून. पाट्यांच्या ओळीही तिने सोडल्या नाहीत. सहापैकी तीन खुडून झाल्या.

मुलगी आली आणि बांधावरच थबकली.

"आई, कायले हात लावला तू? पाट्या नाही दिसल्या तुले?"

"दिसल्या ना. म्हनूनच त पहिले तिथंच खुडलं. पोरीची तूर चांगली याले पायजे."

"अवं, माहा हंगाम गेला! फेलोशिपचं शेवटचं वर्ष आहे."

"गेला कायचा? फांद्या पाहजो दिवाळीले."

तिने तिथूनच केनियाला व्हिडिओ कॉल लावला. पलीकडची बाई आधी पोटभर हसली. मग म्हणाली, गेल्या हंगामात माझ्या शेतात शेळ्या शिरल्या, तीन ओळींचे शेंडे खाऊन गेल्या. ते आकडे मी बाजूला ठेवलेत, पाठवते.

मी म्हटले, "शेळी कुठूनही खाते, तुही आई एकाच मापानं खुडते. बेरीज जमनार नाही."

मुलगी म्हणाली, "म्हनूनच त बाबा, ती केनियावाली दिवाळीच्या सुमारास पेरनार आहे, तिकडं पाऊस तवा येते. त्यातल्या तीन ओळी आपल्याच मापानं खुडनार. आई, किती खुडलं?"

"चार बोटं."

पट्टी लावून माप तिकडे गेले. मार्गदर्शकांनीही खुडलेली आणि न खुडलेली अशी तुलना मान्य केली. इथे चुकलेले तिथल्या हंगामात तपासता येणार होते, हंगाम वाचला.

"तिले म्हना, शेळ्या बांधून ठेव," बायको म्हणाली.

"तिनं बी तेच म्हटलं," मुलगी म्हणाली, "तुह्या आईले बांधून ठेव म्हने."

उरलेल्या तीन ओळींजवळून बायको आता हात मागे बांधून चालते.