आधी मी वर जाते

अक्कलकुव्याच्या बाजारात तीजाबाई आणि जवरीलाल यांनी जन्मभर मिळून किराणा दुकान चालवलं. गेल्या वर्षी टीव्हीवर युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या आणि जवरीलालांची झोप उडाली. एका सकाळी ते बायकोला घेऊन दुकानाखालच्या तळघरात उतरले, लोखंडी झाकणाला आतून कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून बसले.

"वरची हवा विषारी झालीय," ते म्हणाले.

थोड्या वेळाने त्यांचा मुलगा रिषभ वरून झाकण बडवू लागला. "मम्मी, उघड ना."

जवरीलालांनी तीजाबाईंचं मनगट आवळलं. "तो रिषभ नाही. कुणीतरी त्याचा आवाज काढतंय."

कोंदट हवेत मिरच्यांच्या पोत्यांचा ठसका लागत होता. तीजाबाईंनी समजावून पाहिलं, रडून पाहिलं. नवऱ्याची मूठ अधिकच घट्ट झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना जवरीलालांची भीती वाटली.

शेवटी त्यांनी वाद सोडला. "तुमचं खरं असेल. मग आधी मी वर जाते. मी पडले तर तुम्ही लगेच झाकण लावून घ्या."

जवरीलालांनी मूठ उघडली. मग त्यांनी स्वतःच कुलूप काढलं.

"एकटी नको जाऊस," म्हणत ते तीजाबाईंच्या पुढे पायऱ्या चढले.

वर रिषभने दोघांना सावरलं. जवरीलालांनी श्वास रोखून धरला होता. तीजाबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. अखेर जवरीलालांनी श्वास घेतला आणि ते रडू लागले.

आता त्यांची औषधं चालू आहेत. ते गल्ल्यावर बसतात, आणि तळघरातून काही आणायचं असलं तर तीजाबाई रिषभला पाठवतात.