रबरी वासाची पदवी

गरम पाण्याच्या पिशवीचा रबरी वास आला की मला आखाती युद्धाच्या दिवसांतलं रियाध आठवतं बघा. ह्यांना तिथल्या कॉलेजात नोकरी होती, मला नव्हती. मुलींच्या कॉलेजात मुलाखतीला बोलावणं आलं; ती हुकली तर मी एकटीनं पुण्याला परतायचं ठरलेलं. पुरुषांना आत मज्जाव, म्हणून ह्यांनी फाटकाशीच माझ्या हाती पेटी दिली, "यल्ला, चला, मॅडम!" प्राचार्यबाईंसमोर सर्टिफिकेटं काढायला पेटी उघडली, तर वरच गॅसहल्ल्यासाठीचा रबरी मास्क! पळायची वेळ आली तर मास्क नि सर्टिफिकेटं दोन्ही हाताशी हवीत, म्हणून मीच एकत्र ठेवलेलं. बाई हसल्या, "एवढी घाबरतेस?" म्हटलं, "घाबरते हो, पण पदवी सोडून पळणार नाही." "मग शनिवारपासून ये." परवा नातीनं ती पदवी हुंगून नाक मुरडलं, "आजी, टायरचा वास येतोय!" येऊ दे की.