फाटकात उभे राहिलेले बाबा

आधीच माफी मागते. माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमले नाहीत — शाळा चौथीपर्यंतच. पण ही गोष्ट तोंडाने सांगायला लाज वाटते, म्हणून लिहिते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आमच्या गावी देवचाराचं भूत फिरतं म्हणतात त्या वाटेने मी भरदुपारी एकटी जायची.

२०१४च्या सुमाराची गोष्ट. मस्कतला अल मवालेहमध्ये एका ऑस्ट्रेलियन पायलटच्या घरी मी स्वयंपाक करायची, माझे मिस्टर ड्रायव्हर. साहेबांचे वडील त्या हिवाळ्यात राहून गेले होते. आम्ही त्यांना बाबाच म्हणायचो. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात लढाऊ विमानांचे मेकॅनिक, नंतर प्रवासी विमान कंपनीत. पाण्यावर उतरणारी विमानंसुद्धा त्यांनी दुरुस्त केलेली. घरावरून विमान गेलं की नुसत्या आवाजावरून नाव सांगायचे.

मला इंग्रजी येत नाही, त्यांना हिंदी नाही. आमचं बोलणं हातांनी. जमिनीवरचा माणूस पायलटला कशा खुणा करतो, ते त्यांनी मला स्वयंपाकघरात शिकवलं. मी चहाची ट्रॉली ढकलत यायची, ते दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली करायचे — म्हणजे थांब! असशील तिथे थांब. मी हसायची. ते मात्र ही खूण करताना कधी हसले नाहीत.

बाबा परत गेल्यावर मे महिन्यातली दुपार. साहेबांना फ्लाइटला जायचं होतं. ते मागे बसले, मिस्टरांनी गाडी चालू केली. मी फाटक उघडलं आणि...

फाटकात बाबा उभे. डोक्यावर हातांची फुली. त्या उन्हात अंगात लोकरीचा स्वेटर! गाडी हलली, सरळ त्यांच्या अंगावर. मिस्टरांना काही दिसतच नव्हतं.

साहेबांसमोर मी कधी मान वर केली नव्हती. त्या दिवशी गाडीपुढे धावले आणि डोक्यावर हातांची फुली केली.

ब्रेक लागला. मिस्टर ओरडले, "काय गो, ऊन लागला काय तुका? सायबांक उशीर होता!"

साहेब ओरडले नाहीत. ती खूण बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "इंजिन ऑफ," एवढंच म्हणाले आणि उतरून गाडीभोवती फिरले — विमान तपासतात तसे, वाकून. पुढच्या चाकाशी थांबले. नट बोटांनी फिरत होते. सगळे.

सकाळी पंक्चर झालं होतं. मिस्टरांनी चाक बदललं, नट हाताने बसवले, गाडी जॅकवरून उतरवली आणि तेवढ्यात गॅसवाला हॉर्न वाजवत आला. पान्याने आवळायचं राहून गेलं. हायवेला गेल्यावर काय झालं असतं... लिहवत नाही.

मिस्टर पाना घेऊन चाकाशी बसले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी फाटकाकडे बोट केलं. तिथे कुणी नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं.

साहेबांनी तिथूनच ऑस्ट्रेलियाला बहिणीला फोन लावला. बाबा जिवंत होते, तिच्याच घरी! पण ती रडत होती. मघापासून ते तिकडच्या थंडीत स्वेटर घालून खुर्चीत दोन्ही हात डोक्यावर धरून बसले होते, काही केल्या खाली घेईनात. आत्ता कुठे घेतले. आणि तिला एवढंच विचारलं — साहेबांनी मिस्टरांना सांगितलं, मिस्टरांनी मला —

"तिनं बघितलं ना?"

मिस्टर वाचले, साहेब वाचले. पण ते कसं घडलं, याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही, आणि बाबांची आठवण आली की आधी भीतीच वाटते. मेलेलं माणूस दिसलं असतं तर उतारा टाकून मोकळी झाले असते. जिवंत माणसाचा उतारा कुठे टाकायचा?