फौजदाराची दाढी

“मारामारीत कोण कुठं उभाय ते कळतं का?”

तिकिटाच्या खिडकीवर माणसं काय विचारतात ते तुम्हाला माहीत आहे. जागा आहे का, पिक्चर किती वाजता सुटतो, एसी चालू आहे ना. हे काका मात्र खिडकीच्या भोकातून हात आत घालायचे, माझ्या टेबलावर दोन बोटं टेकवायचे आणि हा प्रश्न टाकायचे. मी क्रांती चौकाजवळच्या एका जुन्या टॉकीजमध्ये खिडकीवर बसतो. स्वभावानं तिरसट आहे, असं बायको म्हणते, आणि तिचं सहसा चुकत नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हणालो, “मारामारी आहे ती काका, तिथं कोण उभं राहतं?” ते हसले नाहीत. “राहतं की. उभं राहिल्याबिगर पडंल कसं?” म्हणाले, आणि शेवटच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या मागून घेतल्या.

डोक्यात थोडा फरक असेल, असं मी धरून चाललो होतो. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांच्याकडे बघून मान डोलावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

मग एकदा मध्यंतरात एक गृहस्थ तणतणत बाहेर आले. “मागं एक जण सारखा बडबडतोय. पिक्चर बघायचा का त्याचं भाषण ऐकायचं?” मी टॉर्च घेऊन आत गेलो, चांगलं झापायच्या तयारीनं. पिक्चर पुन्हा सुरू झाला होता. शेवटच्या ओळीमागं दाराच्या पडद्याआड उभा राहिलो तर हलक्या आवाजात काकांचं चाललं होतं, “उत्तरेला फाटक. मावळतीकडनं तिघं आले, एकाच्या हातात पाइप हाय. आपला माणूस मधोमध. उगवतीचं अंग मोकळं, आता तिकडनं निघंल बघ.”

शेजारी त्यांच्या पत्नी, काकू, बसल्या होत्या. ताठ, दोन्ही हात मांडीवर, चेहरा पडद्यापासून जरा बाजूला वळलेला. पडद्याचा उजेड त्यांच्या डोळ्यांवर येत-जात होता आणि डोळे जागचे हलत नव्हते. मी टॉर्च बंद केली. तक्रार करणाऱ्याला पुढची चांगली जागा दिली आणि वर चार शब्दही सुनावले. त्याचं काही चुकलं नव्हतं, पण मला कुणावर तरी ओरडायचं होतं.

त्यानंतर आमचं बोलणं वाढलं. काका जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. उभी नोकरी बांधाबांधानं साखळी ओढत, निशाण रोवत गेली. मूळचे फुलंब्रीकडचे, आता पुंडलिकनगरात दोन खोल्यांत दोघंच राहायचे. काकूंचे डोळे काचबिंदूनं गेले, ते हळूहळू गेले, म्हणजे दिवे एकेक करून मालवावेत तसे.

“पडदा म्हंजे उत्तर धरायची,” काकांनी मला समजावलं होतं. “डावा हात मावळत, उजवा हात उगवत. एवढं तिला सांगून ठेवलंय. शेतातली बाई हाय, तिला उजवं-डावं नाय समजत, उगवत-मावळत समजती. मग मी नुसती मोजणी करून देतो.”

ते सगळेच पिक्चर बघायचे, पण त्यांचा जीव एका मालिकेत होता. तुम्हीही बघितली असेल. एक सरळमार्गी फौजदार, प्रत्येक भागात त्याची बदली होते, नवं गाव, नवे बदमाश, आणि शेवटी बाह्या वर करून तो एकटा सगळ्यांना लोळवतो. पहिले तीन भाग एकाच दिग्दर्शकानं केले होते. साधा माणूस. कॅमेरा एका जागी ठेवायचा आणि समोर मारामारी लावायचा.

“पहिला भाग तिनं डोळ्यांनी बघितला,” काका सांगायचे. “दुसरा एका डोळ्यानं, धुकं पडल्यावानी. तिसरा मी सांगितला. म्हणून म्हणतो भाऊ, बाकीच्या पिक्चरमधी तिला नुसता आवाज असतो. फौजदार तिला दिसतो. त्याचं तोंड तिच्यापाशी हाय.”

आणि मग बातमी आली की चौथा भाग भलत्याच माणसाच्या हातात दिला आहे.

हा नवा दिग्दर्शक म्हणजे नुसती स्टाइल. त्याच्या पिक्चरमध्ये माणसं मार खाताना सुद्धा लांब कोट घालतात. कॅमेरा भोवऱ्यासारखा फिरतो. ठोसा निघतो आणि मध्येच हवेत थांबतो, आपण तोवर समोसा खाऊन घ्यावा. खिडकीपुढं पोरांचे रोज वाद. एक म्हणायचा, “मामू, अब असली मजा आएगा.” दुसरा म्हणायचा की फौजदार साधा आहे, त्याला हा नटवा दिग्दर्शक शोभत नाही. मी दुसऱ्याच्या बाजूचा. हा माणूस फौजदाराचं वाटोळं करणार, असं मी येईल त्याला सांगत होतो. आमच्या टॉकीजचा धंदा त्यावर होता तरी सांगत होतो, एवढा मला राग होता.

काका एक दिवस भर उन्हात आले. हातात मोबाइल. ट्रेलर लावलेला, फौजदारावर थांबवलेला.

“दाढी दिली हो त्याला,” ते म्हणाले. आवाज असा की कुणी दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन यावं.

मी बघितलं. खरंच, चांगली करड्या रंगाची दाढी होती. कोटही लांब होता.

“काकूंना सांगितलं?”

“नाय. तिच्यापाशी तेवढा एक चेहरा उरलाय भाऊ. तो बी बदलायचा?”

मी त्यांना आत बोलावून पाणी दिलं. ते मोबाइल पालथा ठेवून बसले.

पिक्चर लागला त्या शुक्रवारी पहिल्या खेळाला ते एकटे आले. खिशात घडी घातलेला मोजणीचा जुना कागद आणि पेन्सिल. काकूंना आणायच्या आधी सगळ्या मारामाऱ्यांचा नकाशा काढून घ्यायचा, पाठ करायचा आणि मग सांगायचं, असा त्यांचा बेत होता. तीन तासांनी बाहेर आले तेव्हा कागदावर नुसते गोल होते. एकात एक, एकात एक.

“हद्दच कायम करता येत नाय,” ते म्हणाले. “गरगर फिरवतो तो. उगवत मावळतीला जाती, मावळत डोक्यावर येती. माणूस कुठून आला अन् कुठं पडला, काय पत्ता नाय.”

“मग नका आणू काकूंना. सांगा, चांगला नाहीये.”

“रोज विचारती ती. फौजदाराची बदली कुठं झाली म्हणून.” कागदाची घडी घालता घालता ते म्हणाले, “मला सांगता आलं नाय, तर तो तिच्यापुरता मेलाच की.”

मंगळवारी तीनच्या खेळाला दोघं आले. आत पाचपन्नास माणसं असतील. मी खिडकी लावली आणि त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, या दिग्दर्शकाची जिरावी असं मला इतके दिवस वाटत होतं. त्या दिवशी तसं वाटेना.

पहिला तास बरा गेला. फौजदाराची बदली कापसाच्या गावी झाली होती, काका सांगत होते, काकू मान डोलावत होत्या. दाढीचं त्यांनी काही काढलं नाही. मग ती जिनिंगच्या कारखान्यातली मारामारी आली. अंधारं, उंच गोदाम, वरून उन्हाचे पट्टे, आणि कापसाच्या गंजींमधून वीस माणसं फौजदाराच्या अंगावर.

“उत्तरेला दरवाजा,” काका म्हणाले. “मावळतीला गंजी. उगवतीकडनं...”

कॅमेरा फिरला. काका थांबले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. पडद्यावर कोणी बोलत नव्हतं, नुसती हळू, लांबलेली धून.

“अहो,” काकू म्हणाल्या. “कुठं गेले सगळे?”

“थांबलेत.”

“कोण थांबलं?”

“समदेच. हवेत थांबलेत.”

“म्हंजे कसं?”

काकांनी पडद्याकडं नीट बघितलं. इतकी वर्षं ते दिशा बघत होते, बाकी काही बघायला त्यांना सवडच मिळाली नव्हती. एक मारला, दुसरा पडला, तिसरा आला, एवढ्यात मारामारी संपायची. आता पडद्यावरचा माणूस पडायला लागला होता आणि पडतच होता.

“कापूस उडालाय,” काका सावकाश बोलायला लागले. “समदीकडं कापूस. उन्हात आलेला चमकतोय, बाकीचा निळा दिसतोय. एक जण पडतोय. अजून पडतोय. त्याची चप्पल सुटली पायातून, ती बी येती खाली, घाई नाय तिला. पडला नाय अजून. फौजदाराच्या भुवईवर कापूस बसलाय. बारका, फुंकरीनं जाईल एवढा. आता पडला. धूळ उठली... वर चालली...”

पुढच्या ओळीतले दोघं मागं वळले. मी पुढं व्हायच्या बेतात होतो, पण ते तक्रारीला वळले नव्हते. त्यांनी माना तशाच ठेवल्या आणि काकांचं ऐकायला लागले. गोदामात, पडद्यावर आणि खुर्च्यांवर तोच एक दुधी उजेड पसरला होता. मी कामावर आहे हे मी विसरलो.

“अन् दाढीत बी कापूस अडकलाय,” काका बोलून गेले.

“कुणाच्या दाढीत?”

“फौजदाराच्या.” मग त्यांनी सांगून टाकलं, “दाढी हाय त्याला. पिकलीय. मी सांगितलं नव्हतं तुला.”

पडद्यावर कापूस खाली येत होता.

“पिकायचीच की,” काकू म्हणाल्या. “किती वर्षं झाली.” त्यांनी हात उचलला, अंदाजानं काकांचा गाल शोधला आणि हनुवटीवर बोटं फिरवली. “तुमची बी पिकली असंल.”

“व्हय,” काका म्हणाले. “कधीचीच.”

मला रडू आलं. तिरसट माणसालाही येतं.

बाहेर पडताना काका खिडकीशी थांबले. “शोभतो हो हा माणूस,” म्हणाले. “फौजदाराला शोभतो.” वर्तमानपत्रांनी नाकं मुरडली होती, पोरं म्हणत होती की सरळ वेगात चालवला तर पिक्चर तासाभरात संपेल. मी मात्र त्या दिवसापासून पार्टी बदलली. का, ते कुणाला सांगितलं नाही. पिक्चर उतरेपर्यंत दोघं आणखी चारदा येऊन गेले. प्रत्येक वेळी काकांना त्या मारामारीत काही नवं सापडायचं. एकदा गंजीवर बसलेलं मांजर सापडलं, ते मलाही दिसलं नव्हतं.

गेल्या थंडीत काका गेले. झोपेतच गेले. मी पुंडलिकनगरात भेटून आलो, पण तिथं गर्दी होती आणि काकूंशी बोलणं झालं नाही.

परवा पाचवा भाग लागला. पहिल्या तीन भागांच्या दिग्दर्शकालाच परत आणलं आहे. फौजदार पुन्हा पहिल्यासारखा झाला म्हणून लोक खूश आहेत, दाढीही काढलीय त्याची. दुपारी एका रिक्षावाल्यानं काकूंना हाताला धरून खिडकीशी आणलं. मी उठून बाहेर आलो.

“कुणी केलाय?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या तीन भागांवाल्यानं. चांगलाय काकू. पहिल्यासारखीच मारामारी, धडाधड.” आणि धीर करून म्हणालो, “तुम्ही बसा. मी सांगतो शेजारी बसून.”

त्या हसल्या. हवेत हात पुढं करून त्यांनी माझा दंड शोधला आणि त्यावर हलकेच थोपटलं.

“तुम्ही सांगाल हो. पण आता नको,” त्या म्हणाल्या. “तो दुसरा असता तर बसले असते. तो ह्यांच्यासाठी थांबायचा.”