गुडघ्यावरचा हात

दाजी गेल्याची बातमी मला शाळेत मिळाली. सहावीचा वर्ग, पाचवा तास, फळ्यावर एक वाक्य अर्धवट लिहून झालेलं, आणि दारात शिपाई उभा. म्हणाला, लिंबायतहून कुणी आलंय. बाहेर ताईच्या शेजारचे गृहस्थ सायकल धरून उभे होते. "चला मास्तर" एवढंच ते बोलले. मी वर्गात परत गेलो, फळ्यावरचं वाक्य पूर्ण केलं, खडू जागेवर ठेवला, आणि मगच निघालो. असं का केलं, ते अजून मला सांगता येत नाही. ताईकडे पोचलो तेव्हा ओट्यावर दाजींचा डबा भरून तयार होता. इच्छापोरच्या कामावर निघायचं म्हणून ते चहा पीत बसले होते, आणि बसल्या जागी कलंडले. पंचावन्नचेही नव्हते.

त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. एवढ्या दिवसांत माणसं येत राहिली आणि मी ताईच्या खोलीत सतरंजीवर बसून त्यांचं ऐकत राहिलो. ऐकण्याचाही थकवा येतो. प्रत्येकाला तीच आठवण सांगायची असते... मिस्त्री, म्हणजे आमचे दाजी, दातांत स्क्रू ड्रायव्हर धरून गाडीचा रोग कसा ओळखायचे ते. सांगताना माणसं जरा हसतात, मग प्रसंग ध्यानात येऊन गंभीर होतात, आणि उठता उठता म्हणतात, "माणूस हुशार होता हो, पण शेवटी कानाने घात केला." ताई मान हलवते. मीही हलवत आलो. ते खरं नाही, आणि खरं काय ते सांगायला आता मी एकटाच उरलो आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

रतनदाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाव अमळनेरच्या बाजूला, बोली अहिराणी. सुरतला आले ते लूमच्या खात्यात (कापडाच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात), आणि पंधरा-सोळा वर्षं तिथेच जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. एका छताखाली पन्नास-साठ लूम चालतात तिथे माणसं खुणांनीच बोलतात. धोटा इकडून तिकडे आपटतो, तो आवाज सुट्टीच्या दिवशीही डोक्यातून जात नाही. दाजींच्या डोक्यातून तो हळूहळू गेला, पण जाताना बाकीचे आवाजही घेऊन गेला. खात्याच्या मालकाची गाडी ते अधूनमधून दुरुस्त करायचे. त्यातून हात बसला आणि एक्याण्णवच्या सुमारास त्यांनी लूम सोडून लिंबायतमध्ये पत्र्याचं गॅरेज टाकलं. ऐकू कमी येणारा माणूस गाड्यांचे आवाज तपासायला बसला, याची तेव्हा गंमत वाटण्याचं कारण नव्हतं, कारण ताईखेरीज कुणाला ते माहीतच नव्हतं.

गाडी आली की दाजी बोनेट उघडायचे, इंजिन चालू ठेवायला सांगायचे, आणि हातभर लांबीच्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून त्याची लाकडी मूठ दातांत धरायचे. डोळे मिटलेले. टोक एकेका जागी फिरायचं. मग मूठ सोडून, तोंड पुसून, "वॉटर पंपचं बेअरिंग" किंवा "तिसऱ्या नंबरचा वॉल्व्ह" असं काहीतरी सांगायचे आणि ते बहुधा बरोबर निघायचं. बघ्यांना ही मिस्त्रीची स्टाइल वाटायची. दोन-तीन जणांनी नक्कलही करून पाहिली आणि दात दुखवून घेतले. दाजींना कानातून जे येत नव्हतं ते हाडातून येत होतं, इतकाच तो प्रकार होता.

मला ते कळलं एका रविवारी. मी भेटायला गेलो होतो, त्यांनी मला एका गाडीत शेजारी बसवलं आणि उधन्याच्या रस्त्याला लागल्यावर विचारलं, "आवाज ये राहिना का?" म्हटलं, येतोय. "कसा?" म्हटलं, खडखड. त्यांनी गाडी बाजूला घेतली, माझ्याकडे वळून बसले आणि चिडून म्हणाले, "खडखड म्हंजे काय? मास्तर, मराठी शिकाडस ना तू? मंग आवाजले नीट नाव दे!" मी हसलो. ते हसले नाहीत. माझ्या ओठांकडे बघत होते. तेव्हा लक्षात आलं की गेली कित्येक वर्षं हा माणूस माझ्या ओठांकडेच बघत आला आहे. उभ्या गाडीचं इंजिन त्यांना दातांतून कळायचं, पण चाकाचे आवाज गाडी पळतानाच येतात, आणि पळत्या गाडीत तोंडात स्क्रू ड्रायव्हर धरून काय उपयोग? "इंजिनना आवाज मन्हा, चाकना आवाज तुन्हा," ते म्हणाले. असा मी त्यांचा कान झालो. कुणाला सांगायचं नाही, हे न बोलताच ठरलं. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार?

मग पुढची दोन-तीन वर्षं माझे रविवार त्यात गेले. त्यांनी मला आवाज ऐकायला शिकवलं, हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. गाडीसोबत वाढतो का इंजिनसोबत? न्यूट्रलमध्ये टाकली तर राहतो का जातो? ब्रेक दाबल्यावर थांबतो का? खड्ड्यातच येतो की सपाट रस्त्यावरही? चीं-चीं असेल तर पट्टा, वळताना टकटक असेल तर अमुक, आणि वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं असेल तर चाकाचं बेअरिंग. त्यात कुठल्या बाजूचं, हे ओळखायला गाडी जराशी उजवीकडे-डावीकडे झुलवायची. उजवीकडे वळताना घूं-घूं वाढली तर डावं चाक, कारण वजन तिकडे जातं. आता अडचण अशी की गाडी झुलवताना त्यांना रस्ता बघावा लागे, माझे ओठ नव्हे. म्हणून मी माझा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवायचा. आवाज वाढला की दाबायचं, कमी झाला की सैल सोडायचं, गेला की हात उचलायचा. समोर रस्त्याकडे बघत दोघं गप्प बसलेले, माझा हात त्यांच्या गुडघ्यावर, आणि गाडी दारू प्यायल्यासारखी रस्त्यावर झुलतेय... बाहेरून बघणाऱ्याला काय वाटत असेल, देव जाणे. पण निदान अचूक यायचं. परतताना ते खुशीत माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि शर्टावर काळा पंजा उमटायचा. ताई तो शर्ट धुताना मला शिव्या घालायची आणि दाजी, ऐकू आलं नाही असं दाखवून, आतल्या आत हसायचे.

खरं सांगायचं तर मी कंटाळलोही होतो. आठवडाभर वर्ग, रविवारी गुडघा. बायको म्हणे, तुमच्या दाजींना सांगा, मास्तरांनाही घर आहे. मी सांगितलं नाही, पण जाताना पाय जड व्हायला लागले होते, हे कबूल करतो.

जयंतीभाई म्हणून एक गृहस्थ होते. त्यांची एक जुनी अँबॅसेडर लग्नाच्या भाड्याला खानदेशात जायची. सुरतच्या आमच्या लोकांची लग्नं धुळे-जळगावकडेच लागतात, त्यामुळे सिझनमध्ये गाडीला उसंत नसे. त्या रविवारी ते घाईत आले. पुढच्या चाकातून आवाज येत होता आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाड घेऊन निघायचं होतं. दाजींनी मला खूण केली. मी शेजारी बसलो, आणि जयंतीभाईही मागचं दार उघडून बसले. असं आधी कधी झालं नव्हतं. गिऱ्हाईक टपरीवर चहा पीत थांबायचं. गाडी निघाली, मी सवयीने हात गुडघ्यावर ठेवला, आणि आरशात मला जयंतीभाईंचे डोळे दिसले. ते माझ्या हाताकडे बघत होते. जरा हसतही होते.

दाजींनी गाडी उजवीकडे घेतली. घूं-घूं स्पष्ट वाढली. आणि मी हात उचलला.

मला लाज वाटली. शिकलेला माणूस मी, मास्तर, आणि पुरुषाच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलेला. विचार केला, गॅरेजवर उतरल्यावर तोंडाने सांगू. हात मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. दाजींनी आणखी एकदा झुलवून पाहिली. माझा हात आलाच नाही. त्यांनी त्याचा अर्थ आमच्या ठरावाप्रमाणे लावला... उजवीकडे वळताना आवाज जातो, म्हणजे उजवं चाक. उतरल्यावर जयंतीभाई मला बदली, शाळा, पगार असं विचारत बसले आणि मी उत्तरं देत उभा राहिलो. तोवर दाजींनी उजवं चाक जॅकवर घेतलं होतं. बेअरिंग जुनंच होतं, त्यामुळे बदलताना त्यांना शंका आली नाही. डावं चाक त्यांनी उचलून फिरवूनही पाहिलं, पण उचललेल्या चाकावर वजन नसतं, ते गप्पच फिरतं. मी दोन पावलांवर होतो. सांगायचं राहून गेलं, असं मी मला पुष्कळदा समजावलं आहे. राहून गेलं नव्हतं. सांगायला गेलो असतो तर "मघाशी हात का काढलास" हे आलं असतं, आणि मला ते नको होतं. आवाज एवढा काही मोठा नाही, आठवडाभर निघेल, असं मी मनाशी म्हटलं आणि घरी जायला डिंडोलीची रिक्षा पकडली.

कोंडाईबारीच्या घाटात डावं चाक जाम झालं. गाडी कठड्याला घासून थांबली. जीव कुणाचा गेला नाही, पण नवरदेवाच्या म्हाताऱ्या आत्याचं मनगट मोडलं आणि मुहूर्त चुकला. चौथ्या दिवशी संध्याकाळी जयंतीभाई गॅरेजवर आले तेव्हा मी तिथेच होतो. दाजी पाठमोरे बसून घासलेटमध्ये सुटे भाग धूत होते. जयंतीभाई गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आले. दाजी धूत राहिले. ते मागे येऊन उभे राहिले, आणखी ओरडले. दाजींनी एक भाग उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा घासलेटमध्ये बुडवला. "अरे, बहेरा छे के?" जयंतीभाई म्हणाले. बहिरा आहेस का, असं रागात कुणीही म्हणतं, तसंच ते म्हणाले होते. पण नंतर ते गप्प झाले, आणि शेजारचा पंक्चरवाला, टपरीवाला, रस्त्यातली माणसं, सगळी गप्प झाली, कारण सगळ्यांना एकदमच कळलं. दाजींना तेवढी शांतता जाणवली असावी. त्यांनी मागे वळून पाहिलं, सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग माझा पाहिला. मी तोंड उघडलं नाही.

त्यानंतर गॅरेज पाच-सहा महिने कसंबसं चाललं. लोक प्रेमाने वागत, नमस्कार करत, गाडी दुसरीकडे नेत. ताई बोलायची. तिचंही खोटं नव्हतं. पहिल्यापासून ती म्हणत होती की ऐकू येत नसताना हा धंदा नको, आणि आता तिला ते रोज म्हणता येऊ लागलं. दाजींनी पत्रे उतरवले आणि इच्छापोरला एका ठेकेदाराकडे मशिनं पुसण्याच्या कामाला लागले. दोन बस बदलून जायचे. मी एकदा धीर करून त्यांच्यासमोर बसलो, ओठ दिसतील असा, आणि म्हटलं की ताईला मी सगळं सांगतो, चूक माझी होती.

"तू हात काढी लिधा व्हता, ते माले नंतर समजनं," ते म्हणाले. "पन तू माले लाजना, हाई तुन्ही बहिनले कसं सांगू?"

मी पुढे चार वर्षं गप्प राहिलो. त्यांनीच नको म्हटलं, असं स्वतःला सांगत राहिलो. हे किती सोयीचं होतं ते मला माहीत आहे.

गेल्या रविवारी मी ताईला सांगितलं. दुपारची वेळ होती, आतबाहेर आम्ही दोघंच. तिची ती बाहेरची खोली भर दुपारीही अंधारी असते, बल्ब लावावाच लागतो. मी सगळं सांगितलं... आरसा, हात, लाज, रिक्षा. माझं संपल्यावर ताई म्हणाली, "म्हंजे... त्या चुकनात नहीत?"

म्हटलं, नाही, दाजी चुकले नव्हते.

"चार वरीस मी त्यासलेच बोल लावा," ती म्हणाली. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. उठून आत गेली आणि स्टोव्हचा आवाज यायला लागला. उठून जावं की बसावं, मला कळेना. ताटाचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा. आतून हाक येईल म्हणून मी वाट पाहत होतो, आणि ती येणार नाही असंही वाटत होतं.

बाहेरच्या खोलीच्या दिव्याचं बटण आत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. दाजींना हाक ऐकू यायची नाही, म्हणून जेवण वाढलं की ताई ते बटण दोनदा बंद-चालू करायची. बल्ब विझायचा, लागायचा, विझायचा, लागायचा, आणि दाजी उठून हात धुवायला जायचे. इतकी वर्षं तिने त्यांना जेवायला असंच बोलावलं.

माझे कान चांगले आहेत. तिला मला हाक मारता आली असती. तिने हाक मारली नाही. माझ्या डोक्यावरचा बल्ब विझला, लागला. मी तसाच बसून राहिलो. पुन्हा विझला, आणि या वेळी लागायला जरा जास्त वेळ लागला... मग मी उठलो आणि हात धुवायला गेलो.