पासवाल्या पोरींसाठी न थांबणारी बस

वडील गुळाच्या बाजारात हमाली करत, आई दुसऱ्याच्या उसात तण काढायला, भांगलायला जाई. पोरी आम्ही दोघी, आक्का आणि मी. कॉलेजला घालताना वडिलांनी एकच अट घातली होती. वर्ष वाया गेलं की पोरगी घरात.

आमचं गाव शहरापासून सहा-सात किलोमीटरवर. शहर बसचा पास पोरींना फुकट होता, पण बस पोरींसाठी थांबत नव्हती. गर्दी असती तर समजलं असतं. गाडी निम्मी रिकामी असायची. थांब्यावर नुसत्या पोरी दिसल्या की ड्रायव्हर गाडी दामटायचा. पैसे देणारं कुणी उभं असलं तरच ब्रेक लागायचा. म्हणून आम्ही शिवाजी पेठेत भाजी विकायला जाणाऱ्या एका मावशीला पुढं उभं करायचो आणि बस थांबली की तिच्या बुट्टीमागनं चढायचो.

"आलं बघा फुकटचं वऱ्हाड!" कंडक्टर ओरडायचा.

"तुझ्या खिशातनं जातंय व्हय रे?" मावशी.

"खिशातनं न्हाय, पण भरणा कमी पडला की साहेब मलाच झापतोय की."

आक्काच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी मावशी आजारी होती. दोन बस समोरून गेल्या. आक्का पळत-चालत पोचली तेव्हा परीक्षा संपली होती. वर्ष गेलं. वडिलांनी शब्द पाळला आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न बिद्रीकडं लावलं. मी पुढची तीन वर्षं चालत गेले. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे, आणि हे मी मोठ्यानं सांगते.

पुढं परीक्षा देऊन मी परिवहनच्या कचेरीत कारकून झाले. तिथल्या फायलीत उत्तर सापडलं. सरकारचं अनुदान वाटलेल्या पासांवर एकरकमी मिळायचं. पोरगी चढली काय, रस्त्यात राहिली काय, रक्कम तेवढीच. आमच्यावर कुणाचा राग नव्हता. आमच्यावाचून त्यांचं भागत होतं.

मी टिपण लिहिलं: पासवाल्यालाही शून्य रुपयाचं तिकीट द्या, आणि त्या तिकिटांवर अनुदान द्या. कचेरीतले साहेब म्हणाले, "मॅडम, पैसं येतंय की. कशाला उकरून काढताय?" तरी एका मार्गावर करून बघायचं ठरलं. महिन्याभरात शून्याच्या तिकिटांचा ढीग लागला. डेपोत चहा पीत कंडक्टर तिकिटाच्या मशीनची बटणं दाबत होते.

"बघा, तुमच्या पोरी रविवारीबी कॉलेजला जात्यात!" साहेब सगळ्यांदेखत हसले.

चूक माझी होती. मी कागदाला किंमत दिली होती, आणि कागद छापायला पोरगी लागत नाही. मग नवं टिपण केलं. पोरीनं स्वतः पासाचं कार्ड मशीनला लावावं. निम्मी रक्कम त्या नोंदींवर आणि निम्मी वेळेवर झालेल्या फेऱ्यांवर मिळावी, म्हणजे पोरी थोड्या असल्या तरी फेरी बंद पडणार नाही. आणि दरवर्षी हात पसरण्यापेक्षा रक्कम तीन वर्षांसाठी आधीच ठरावी. हे मंजूर व्हायला चार वर्षं गेली. तोवर किती पोरी घरी बसल्या, याची फाईल कुठंच नाही.

आक्काला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तवा कुठं गेलतीस गं?"



अनुदान आता चढलेल्या पोरींवर आणि झालेल्या फेऱ्यांवर मिळतं, तीन वर्षांची रक्कम ठरलेली आहे, आणि सकाळच्या दोन्ही बस आमच्या थांब्यावर थांबतात.